पिक्चर सांगणारे अज्जूभाई

आमच्या गावात लोक अज्जूभाईंच्या हॉलमध्ये पिक्चर बघायला जायचे आणि ऐकून यायचे. हॉल म्हणजे काय, जिनिंग फॅक्टरीच्या रस्त्यावरचं पत्र्याचं शेड. आत बाकडी, खिडक्यांना कापसाच्या बोऱ्यांचे पडदे, समोर टेबलावर भला मोठा टीव्ही आणि टीव्हीशेजारी उभे अज्जूभाई, हातात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, काडी घेऊन. पिक्चर चिनी असो, कोरियन असो, नाहीतर आणखी कुठला. आतल्या माणसानं तोंड उघडलं की अज्जूभाईंचंही तोंड उघडायचं, ते थेट वऱ्हाडीत. "मंग झालं असं," अशी सुरुवात. "हा म्हणते, माह्या बापाले काहून मारलं? तो म्हणते, तुह्या बापानंच आधी काडी केली." काडी नेमकी त्या त्या माणसाच्या नाकावर टेकलेली असायची.

गावाचं नाव मी लिहीत नाही. दिग्रस आणि महागावच्या मधे कुठंतरी आहे, एवढं पुरे. यातली बरीच माणसं अजून तिथंच नांदतात आणि मलाही वर्षातून दोनदा माहेरी जायचं असतं.

त्यांची माझी ओळख भांडणातून झाली. बी.ए. होऊन घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून मी त्यांच्या हॉलला लागून एक खोली घेऊन शिलाईचं दुकान टाकलं होतं. दोघांच्या मधे भिंत अशी नव्हतीच, नुसता एक पत्रा. पहिल्याच दुपारी पलीकडे कोणीतरी कोणाला हाणत होतं, आणि माझ्यासमोर टेप लावून उभ्या राहिलेल्या बाईला तिचं स्वतःचं माप ऐकू येईना. मी तणतणत गेले. "भाई, आवाज कमी करा." ते लगेच वाकून टीव्हीचं बटण शोधायला लागले. मी म्हटलं, "टीव्हीचा नाही, तुमचा!" तर कपाळाला हात लावून म्हणाले, "माहा आवाज बंद केला तं हॉल बंद पडन ना ताई. या लोकाईची भाषा कोणाले समजते इथं?" मी विचारलं, "तुम्हाले तरी समजते का?"

"तौबा करा! एक अक्षर नाही," ते म्हणाले, आणि इतकं मनापासून हसले की माझं भांडण तिथंच गळून पडलं. "आपल्याले भाषा नाही येत ताई, माणूस येते. तोंडाकडं पाह्यलं का समजून जाते."

तर असा हा गृहस्थ. उंच, किडकिडीत, शर्टावर वॉर्निशचे डाग. मूळचे मोटार रिवाइंडिंगचे कारागीर. विहिरींना पाणी होतं तोवर तो धंदा चालला, विहिरी आटल्या तसा तोही बसला आणि त्यांनी हॉल काढला. हॉलला परवाना होता म्हणे. कोणी पाहिलेला नव्हता. मी त्यांचे पिक्चर पाहिले कमी आणि पत्र्यातून ऐकले जास्त. त्यापायी नुकसानही सोसलं. एकदा नायक कड्याला लटकलेला असताना मी एका मास्तरीणबाईंच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. बाई संतापल्या, मी माफी मागितली, पण खरं सांगायचं तर मला तेव्हाही काळजी होती ती त्या लटकलेल्याची.

चुका त्यांच्याही व्हायच्या आणि त्या ते भर हॉलमध्ये दुरुस्त करायचे. एकदा पांढरा कोट घातलेला माणूस आला. अज्जूभाई म्हणाले, "हा डॉक्टर हाय. लय देवमाणूस." पाच मिनिटांत त्या देवमाणसानं कोटातून पिस्तूल काढलं. मग आवाज आला, "माफ करा, डॉक्टर नोहे. ग्रेडर दिसते." हॉल कोसळला. कापूस खरेदी केंद्रावर पांढऱ्या कपड्यातला जो साहेब गाडीतल्या कापसात हात घालून 'ओला आहे, पिवळा आहे' म्हणत भाव पाडतो, तो ग्रेडर. त्या वर्षांत आमच्याकडे खलनायकाला याहून मोठी शिवी नव्हती.

आणि पोलीस म्हटला की यांची दातखीळ बसायची. एखादा शिपाई फुकटात पिक्चर बघायला आला, तर स्वतःची खुर्ची त्याला द्यायचे, चहा मागवायचे आणि तो जाईपर्यंत पडद्यावरच्या पोलिसांनाही 'साहेब, साहेब' करायचे. मी एकदा चिडवलं तेव्हा म्हणाले, "मी भेकड नंबर एक हाय ताई. खाकी दिसली का माह्या पोटात मोटार सुरू होते. त्यात माहं नाव अजीज. त्याईले काही सुचलं नाही तं माहं नाव सुचन."

बायकांचा खेळ बाजाराच्या दिवशी दुपारी असायचा. जिनिंगवर काम करणाऱ्या बायका सुट्टी साधून यायच्या, डोक्याला चिकटलेला कापूसही न झटकता. त्यातच कौसाबाई होती. नवरा कधीच गेलेला, एकच मुलगा, दिलीप. तो भाड्याचा टेम्पो चालवायचा. गडी मोठा गमत्या. माझ्या दुकानासमोर टेम्पो उभा करून हॉर्नवर गाणी वाजवायचा आणि मी बाहेर आले की "ताई, बाह्या बरोबर लागल्या का?" असं विचारून पळायचा.

त्या साली खरेदी केंद्र उघडलं, आठवडाभर चाललं आणि बंद पडलं. कापसाच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना लागल्या. दिलीपचा टेम्पोही त्यात होता, दुसऱ्याचा कापूस भरलेला. लोक गाडीखालीच झोपायचे, तिथंच भाकरी खायचे. शेवटी एक दिवस लोकांनी रस्ता अडवला. कोणीतरी दगड मारला, एसटीची काच फुटली, बाहेरून बंदोबस्ताला आलेल्या तुकडीनं लाठ्या चालवल्या आणि संध्याकाळी हाती लागतील ती पोरं गाडीत घालून नेली. दुसऱ्या दिवशी बाकीची पोरं कोर्टातून सुटून घरी आली. दिलीप आला नाही.

त्याला गाडीत चढवताना लोकांनी पाहिलं होतं. पोलीस म्हणाले, असा कोणी आमच्याकडे नाही, पळून गेला असेल. कौसाबाई एकदा ठाण्याच्या फाटकापर्यंत जाऊन आली. शिपायानं "इथं नाही, घरी जा," म्हटलं, तशी ती रडत परत आली. मग सगळे शहाणे तिला समजवायला लागले. दीर म्हणाला, गप्प राहा. पुढारी म्हणाला, मी वरती बोललो आहे, तुम्ही बोलू नका. कोणी म्हणालं, जास्त विचारशील तर पोरावरच राग काढतील. ती ऐकत गेली, आणि मग तिचं बोलणंच बंद झालं. घरात भिंतीकडे तोंड करून बसायची. माझे बाबा रोज संध्याकाळी तणतणायचे, "चोवीस तासांच्या आत कोर्टापुढं उभं करावं लागतं माणसाला! घटनेत लिहिलेलं आहे!" ते मी दुसऱ्या दिवशी अज्जूभाईंना सांगायची. ते इकडं तिकडं बघत म्हणायचे, "हळू बोला ना ताई."

बाजाराचा दिवस आला. जिनिंगच्या बायकांनी कौसाबाईला ओढतच हॉलमध्ये आणलं. म्हणाल्या, घरी बसून वेडी होशील, जरा मारामारी पाह्य, डोकं हलकं होईल. अज्जूभाईंनी नागपुरातून आणलेल्या गठ्ठ्यातली एक सीडी लावली. पाकिटावर तलवार घेतलेला चिनी माणूस होता. पाकीट एक, आत माल भलताच, हे त्या धंद्यात नेहमीचं होतं, आणि त्यांनीही ती आधी पाहिलेली नव्हती.

मी मशीनवर होते. पत्र्यापलीकडून सुरू झालं. "मंग झालं असं. हे एक गाव हाय. आपल्यासारखंच, फक्त पऱ्हाटीच्या जागी ऊस. हा बुढा सकाळी उठला अन् चप्पल धुंडून राह्यला." म्हातारा काहीतरी पुटपुटत होता, बायका हसत होत्या. मग अज्जूभाईंचा आवाज जरा उतरला. "एक जीप आली. जीपले नंबर नाही. मिल्ट्रीवाले दिसतेत. तोंडाले फडके बांधून हाय. हा पोरगा... याले कायले पकडून राह्यले?" मी मशीन थांबवलं. मला वाटलं आता ते सीडी बदलतील. पण सवय जबर असते. पडद्यावर त्या पोराची आई छावणीच्या फाटकाशी आली, शिपायाला हात जोडून काहीतरी म्हणायला लागली, आणि अज्जूभाईंना नेमका त्यातला शब्द सापडला.

"ऐका, ऐका! हे बाई तं आपल्या वऱ्हाडीत बोलून राह्यली! नसन म्हणते, नसन!"

पडद्यावरची बाई खरंच तसंच काहीतरी म्हणत होती. नासान, नासान. आमच्याकडे 'नसेल'ला 'नसन' म्हणतात. बायका हसल्या. आणि त्या हसण्यातच एक बाक करकरलं आणि कौसाबाईचा आवाज आला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

"काय म्हणते थे? पोट्टा नसन म्हणते?"

मी धावतच आत गेले. कौसाबाई उभी होती, टीव्हीकडे बोट करून. बायकांच्या तोंडांवरचं हसू तसंच राहून गेलेलं. आणि अज्जूभाई! माणसाचा चेहरा असा क्षणात मातीसारखा होताना मी त्याआधी पाहिला नव्हता. मला इतका राग आला त्यांचा, की वाटलं ती काडी हिसकून मोडावी. कोणी म्हणालं, "बंद करा ना भाई, कायले लावला हा पिक्चर!" त्यांनी बंद केला नाही. "थांबा," म्हणाले. रिमोटनं मागं नेलं. पुन्हा ती आई फाटकाशी आली, पुन्हा म्हणाली. ते टीव्हीला कान लावून ऐकत होते. आणखी मागं नेलं, आणखी मागं, पार त्या म्हाताऱ्यापर्यंत. म्हातारा खाटेखाली वाकला आणि पुटपुटला. नासान.

अज्जूभाई सरळ उभे राहिले. "कौसाबाई, माही चूक झाली. मी गधा हाय. हे नसन नोहे. हा बुढा पाहा. चप्पल धुंडून राह्यला, तवाही हेच म्हणते. चप्पल नसन म्हणून कोणी खाटेखाली वाकते का? चप्पल कुठी हाय म्हणून वाकते! थे बाई इचारून राह्यली, बाई. माहा लेक कुठी हाय? कुठी हाय? एवढंच म्हणून राह्यली थे."

"इचारून राह्यली?"

"हो."

"कोणाले?"

त्यांनी पिक्चर पुन्हा पुढं, फाटकापर्यंत नेला. "जो दिसन त्याले. शिपायाले, साहेबाले. अन् त्याईच्या तोंडाकडं पाहा. सबन खाली पाहून राह्यले. मालूम हाय त्याईले."

कौसाबाई पडद्यावरच्या त्या बाईकडे बघत राहिली. अज्जूभाईंनी बटण दाबून ती तिथंच थांबवली होती, अर्धं तोंड उघडं. मग कौसाबाई स्वतःशीच म्हणाली, "मी तं इचारलंच नाही. मी नुसती रडली." तिनं पदर कमरेला खोचला आणि दारातून बाहेर पडली. बायका तिच्यामागे.

अज्जूभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, पोटात मोटार सुरू झाली." माझा राग उतरला नव्हता. मी म्हटलं, "मग बसा इथंच." ते म्हणाले, "बसलो असतो ना. पण नसन हे माह्या तोंडातून निघालं." आणि एवढं बोलून ते चपला घालून निघाले, हॉल सताड उघडा टाकून. मी दुकानाला कडी घातली आणि मागोमाग गेले. काय करणार, राहवेना.

ठाण्यात साहेब होते ते बाहेरचे, बदलून आलेले. आवाज शांत, भाषा कागदावरची. कौसाबाई टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माहा दिलीप कुठी हाय?" साहेब म्हणाले, "सदर इसम आमच्या ताब्यात नाही. त्याबाबत या ठाण्यात कोणतीही नोंद नाही." तिला यातलं काहीच कळलं नाही. तिनं मागं वळून अज्जूभाईंना विचारलं, "काय म्हणते?"

आणि मग ते झालं. मला वाटत नाही त्यांनी ठरवून केलं. इतकी वर्षं कोणी 'काय म्हणते' विचारलं की त्यांचं तोंड आपोआप उघडायचं, तसंच ते उघडलं. व्हरांड्यात आणि खिडकीशी उभ्या राहिलेल्या बायकांकडे वळून, हॉलमधल्या त्या आवाजात ते म्हणाले, "साहेब म्हणते, दिलीप माह्याजवळ नाही!"

साहेब दचकले. "तुम्ही कोण?"

"मी पिक्चर सांगतो, साहेब."

"बाहेर व्हा आधी."

"साहेब म्हणते, बाहेर व्हा!" अज्जूभाईंनी बायकांना सांगितलं. आवाज खणखणीत. कौसाबाईनं पुन्हा विचारलं, कुठी हाय? साहेब कोपऱ्यातल्या जमादाराला म्हणाले, "काढा यांना." अज्जूभाई म्हणाले, "जमादार उठले. उठले, पण पाय उचलून नाही राह्यले. जमादाराचं घर आपल्याच गल्लीत हाय!" बाहेर हशा पिकला. जमादार खरंच खाली बघत उभा राहिला. बाजाराचा दिवस, बातमी पसरायला काय वेळ लागतो! भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसं फाटकातून आत यायला लागली. मागच्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. "साहेब पाणी पेऊन राह्यले. कौसाबाई म्हणते, माहा लेक कुठी हाय? साहेब म्हणते, नोंद नाही. कौसाबाई म्हणते, नोंद नोको, लेक पायजे!" हे शेवटचं ती म्हणाली नव्हती, पण अज्जूभाईंनी म्हणून टाकलं आणि तिनं मान हलवली.

आणि मग या माणसानं काय करावं! "शिलाईवाल्या ताई म्हणतेत, चोवीस घंट्यात कोर्टापुढं उभं करा लागते, घटनेत लिहून हाय!" मी तिथं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. सगळं ठाणं माझ्याकडे वळलं. साहेबही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण "हो," मी म्हटलं, "लिहिलेलं आहे." आवाज असा चिरका निघाला की मलाच ओळखू येईना.

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि फोन उचलून आतल्या खोलीत गेले. अज्जूभाई बाहेर म्हणाले, "साहेब फोन करून राह्यले. गप राहा, गप राहा बे सबन." कौसाबाई टेबलाची कड धरून उभी होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मला एकच भीती, की आतून येऊन हा माणूस भलतंच काही सांगेल.

साहेब आले. आता त्यांची भाषा साधी झाली होती. "मुलगा आहे. चौकशीसाठी दुसरीकडे ठेवला होता. उद्या कोर्टात आणतील."

कौसाबाईनं अज्जूभाईंकडे पाहिलं. खिडकीतल्या बायकांनी पाहिलं, फाटकापर्यंतची सगळी गर्दी थांबली. अज्जूभाईंनी तोंड उघडलं आणि आवाज निघेना. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तशी त्यांनी कौसाबाईपुढे हात जोडले आणि कसंबसं म्हणाले, "हाय म्हणते. कौसाबाई, हाय म्हणते."

एवढं ऐकायला काय जीव गोळा झाला होता गावाचा! फाटकाबाहेर कोणीतरी मोठ्यानं ओरडलं, "हाय!" आणि ते रस्त्यावरून पुढं पुढं गेलं. मी आणि कौसाबाई एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होतो. जमादारानं आम्हा दोघींना बसायला बाक दिलं.

दुसऱ्या दिवशी दिलीपला खरंच कोर्टापुढं उभं केलं आणि जामीन मिळाला. गल्लीच्या तोंडाशी तो उतरला तेव्हा पायांत चपला नव्हत्या. तळवे इतके सुजले होते की चपला चढतच नव्हत्या. दगड कोणी मारला त्याचं नाव सांग, असं म्हणत मारायचे, एवढंच त्यानं सांगितलं. बाकीचं त्यानं कधीच सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. कौसाबाईनं त्याला आधी डोळे भरून पाहिलं आणि मग झापायला सुरुवात केली. दाढी कायले वाढवली, अंगावरचा शर्ट कोणाचा हाय, जेवला का नाही. तो भिंतीला धरून उभा, हसतोय आणि रडतोय. गल्लीतल्या प्रत्येक घरातून काही ना काही खायला आलं. मी त्या रात्री कितीतरी दिवसांनी आडवी झाल्याबरोबर झोपले.

अज्जूभाईंना त्याची शिक्षा झालीच. परवान्याची आठवण निघाली आणि हॉल काही दिवस बंद राहिला. मग साहेबांची बदली झाली, हॉल उघडला. मी म्हटलं, "भेकड नंबर एक ना तुम्ही?" तर म्हणाले, "अजूनही हाय. त्या दिवशी ठाण्यातून निघालो अन् पऱ्हाटीत जाऊन उलटी केली. इचारा तुमच्या भाभीले."

ती सीडी मात्र त्यांनी एकट्यानं शेवटपर्यंत पाहिली आणि जपून ठेवली. चकतीवरची अक्षरं मला वाचायला लावली. मी म्हटलं, हा फिलिपिन्सचा पिक्चर आहे. तिथं एके काळी लष्करी कायदा होता, माणसं घरातून उचलून न्यायचे. "फुलपिन," ते म्हणाले, आणि शेवटपर्यंत फुलपिनच म्हणत राहिले. पुढं नागपूरला गेले की दुकानदाराकडे 'फुलपिनचा माल' मागायचे. आणखी दोन मिळाले. एकात शहरातल्या झोपड्यांत शिरून पोलीस पोरांना मारत होते, एकात कोणी पत्रकार बाई होती. ते बायकांच्या खेळाला लावायचे नाहीत. सकाळी हॉल रिकामा असताना एकटेच बघायचे, आणि मला पत्र्यातून एक शब्द ऐकू यायचा नाही. एकदा बाहेर येऊन म्हणाले, "लय हिमतीचे लोक हाय ताई ते. आपल्याच गावात, आपल्याच शिपायाईनं काय केलं, थे लोक आपल्याच पडद्यावर दाखवतेत. त्याईच्या पोटात मोटार नसन का सुरू होत?" मी म्हटलं, होत असेल. "मंग?" ते म्हणाले, आणि पुन्हा आत गेले.

आता अज्जूभाई नाहीत. घरोघरी डिश आली, मग मोबाइल आले, हॉल बंद पडला आणि ते पांढरकवड्याला मुलीकडे राहायला गेले. जावयाचं हायवेवर ट्रकचं गॅरेज आहे. तिथं खाटेवर बसून ते ट्रकवाल्यांना पिक्चर सांगायचे म्हणे, समोर पिक्चर नसतानाही. वारल्याचं कळलं तेव्हा मी आणि दिलीप सोबतच गेलो. टेम्पो त्यानंच चालवला. आता त्याचा स्वतःचा आहे.

जाताना आम्ही दोघंही एकाच दिवसाबद्दल बोललो. दिलीप घरी आला होता, हॉलही नुकताच पुन्हा उघडला होता, तेव्हाची गोष्ट. त्याच्या पायांची सूज उतरली होती. कौसाबाई जिनिंगवरून येताना हॉलच्या दाराशी थांबली आणि तिनं विचारलं, "भाई, त्या बाईचा लेक आला का हो?"

मी दुकानाच्या पायरीवर बसून बटणं लावत होते. अज्जूभाईंनी बायकांच्या खेळात कधी कोणाला मरू दिलेलं नव्हतं. पडद्यावर चिता जळत असली तरी ते म्हणायचे, हे सपन हाय, सकाळी उठन तो. कौसाबाईला 'आला' म्हणायला त्यांना कितीसा वेळ लागला असता! त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नाही आला, कौसाबाई," ते म्हणाले. "पिक्चर सरून जाते, थे इचारतच राह्यते."

कौसाबाई उंबऱ्यावरच बसली. पदर तोंडाला लावला. आपला परत आला म्हणून जी बाई इतके दिवस उडत होती, ती त्या परक्या बाईसाठी हमसून हमसून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "मंग लावा तो पिक्चर. अर्ध्यात सोडून आलो आपण तिले."

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो लागला. त्याच सगळ्या बायका होत्या, मीही दुकान बंद करून गेले, आणि बायकांच्या खेळात पहिल्यांदाच एक पुरुष होता, दिलीप. अज्जूभाई बोलले नाहीत. मागच्या बाकावर येऊन माझ्याशेजारी बसून राहिले. शेवटपर्यंत कोणी उठलं नाही. कौसाबाई सगळ्यांत पुढं, लेकाला शेजारी घेऊन. तिनं त्याच्या शर्टाची कड मुठीत धरली होती. तो एवढा थोराड गडी, बायकांसमोर लाजून अर्धा झालेला, पण त्यानं सोडवून घेतली नाही. पिक्चर संपला, अज्जूभाईंनी उठून खिडक्यांवरच्या बोऱ्या सारल्या, आत ऊन आलं, बायका एकेक करून बाहेर पडल्या, तरी तिची मूठ तशीच होती.